पाक गुरूंचं औषध

बू सुमीराची मोठी कढई रेत्नोच्या कौलांवर चढली, त्या दिवशी मलाती गल्लीत भलताच हशा पिकला होता. शहरातल्या मनोऱ्याकडे तोंड करून कढई बांबूला घट्ट बांधली, तिच्या पोटात मधोमध एक लहानसं यंत्र बसवलं, आणि पन्हळीखाली घागर धरावी तसं तिनं हवेतलं इंटरनेट गोळा करायला सुरुवात केली. तिथून वायर रेत्नोच्या पुढच्या खोलीत आणि खोलीतून घरोघरी. एकट्यादुकट्याला न परवडणारी लाइन सगळ्यांनी मिळून घेतली होती. कॉफीचं दुकान चालवणारी बू सुमीरा आल्यागेल्याला सांगायची, "इतकी वर्षं त्या कढईत सोयाबीनच्या वड्या, तेंपे तळले. आता बघा, हाँगकाँग तळतेय!"

ते काही खोटं नव्हतं. तुलुंगागुंग गावच्या या गल्लीतल्या बहुतेक घरांतली एखादी लेक नाहीतर सून हाँगकाँगला परक्यांची घरं सांभाळायला गेलेली. त्यांना सुट्टी रविवारची. रविवारी सकाळी गल्लीतले कॉम्प्युटर एकामागून एक वाजायला लागत आणि पडद्यांवर चेहरे उमटत. आया लेकरांना जवळ बोलावून त्यांचे कान साफ आहेत का बघत, नवऱ्यांवर डाफरत, सासूला औषध घेतलं का विचारत. आठवड्याचा सगळा संसार त्या तासाभरात उरकायचा.

या साऱ्या वायरींची राखणदार रेत्नो. बिघडलेली यंत्रं दुरुस्त करणं हा तिचा धंदा, त्यामुळे गल्लीनं ते काम आपणहून तिच्या गळ्यात घातलं होतं. वायरी जोडून झाल्यावर तिनं सगळ्या घरांसाठी मिळून एक कप्पाही केला. कोणाच्याही कॉम्प्युटरवरून त्यात काही ठेवावं, कोणीही घ्यावं. लग्नाचे फोटो, प्रवचनं, गाणी, लोणच्याच्या कृती. त्या कप्प्याचं नाव काय ठेवायचं असा प्रश्न निघाला तेव्हा पाक गुरूंनी सांगितलं, "बेरकात." घरात प्रार्थनेचं जेवण झालं की पाहुण्याच्या हाती जो डबा द्यायचा, तो बेरकात. भूक असो नसो, तो कोणी नाकारत नाही. नाव सगळ्यांना आवडलं. दुखणं पुढे त्या नावातूनच उद्भवलं.

वडीलधाऱ्यांना इथं ‘पाक’ नाहीतर ‘बू’ म्हणतात; पाक गुरू म्हणजे हारसोयो मास्तर. गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांनीच वाचायला शिकवलेलं, त्यामुळे त्यांना नावानं हाक मारायची कोणाची छाती नव्हती. निवृत्त झाले, पुढं बायको गेली, लेक प्रतीवी हाँगकाँगला गेली, आणि घरात ते आणि नात वेनिंग अशी दोघंच उरली. मधली काही वर्षं म्हातारा अगदी गप्प झाला होता. कॉम्प्युटर आला आणि त्यांना पुन्हा तरतरी आली. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते पडद्यासमोर बसत, जणू वर्गावर निघालेत.

एके दिवशी त्या पडद्यावर एक चौकट उघडली. तिच्यावर ढालीचं चित्र, लाल अक्षरं. ‘सावधान! तुमच्या कॉम्प्युटरला रोग झाला आहे. मोफत औषधासाठी इथे दाबा.’ दारात येऊन कोणी इतक्या काकुळतीनं सांगत असेल तर त्याला उत्तर न देणं पाक गुरूंच्या शिस्तीत बसत नव्हतं. त्यांनी दाबलं. औषध आलं, ढाल हिरवी झाली, त्यांना बरं वाटलं. आणि बरं वाटल्यावर माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. ते औषध ‘बेरकात’मध्ये ठेवलं आणि घरोघर जाऊन सांगून आले, "बसवून घ्या बरं का. आपलं एकट्याचं घर निरोगी राहून काय उपयोग?"

बोलणं लाख मोलाचं होतं. औषध तेवढं विष होतं.

ढालीचं सोंग घेतलेला तो हेर होता. घरात शिरून तो कोण कुठली कळ दाबतो ते टिपायचा, चोरलेल्या नावांनी परक्यांना भलतीसलती पत्रं धाडायचा, आणि कढईत जमलेलं इंटरनेट सगळं स्वतःच पिऊन टाकायचा. बू सुमीराच्या सुनेच्या नावानं तिच्या हाँगकाँगच्या मालकिणीला सडपातळ होण्याच्या गोळ्यांची जाहिरात गेली, आणि ती बाई दोन दिवस सुनेशी बोलली नाही.

रेत्नोनं एकेक यंत्र साफ केलं. संध्याकाळपर्यंत ते पुन्हा आजारी. तिनं मुळाशी जायचं ठरवलं आणि ‘बेरकात’मधून ते औषधच पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाक गुरू तिच्या दारात हजर.

"पोरी, कोणाच्या तरी हातून औषध पुसलं गेलं गं कप्प्यातून. घाबरू नकोस, मी परत ठेवलंय."

"हो का, पाक गुरू," रेत्नो म्हणाली.

"तू बसवलंस ना?"

"बसवलं की. छान आहे."

तिनं बसवलं नव्हतं. पण म्हातारा इतका खूश होऊन परत फिरला की तिला स्वतःचीच लाज वाटली.

मग सोमवारी लाइन देणाऱ्या कंपनीच्या माणसाचा फोन आला. माणूस रागावला नव्हता, नुसता कंटाळला होता. "ताई, तुमच्या गल्लीतून कचरा वाहतोय. शनिवारी संध्याकाळपर्यंत बंद झाला नाही तर आम्ही लाइन तोडू. पुन्हा जोडायला दोन-तीन महिने लागतील, आधीच सांगतो."

दोन-तीन महिन्यांचे रविवार. रेत्नोनं फोन ठेवला आणि चप्पल पायात सरकवली.

दुपारी बू सुमीराच्या दुकानात गल्लीचा प्रमुख पाक जुमादी, बू सुमीरा आणि रेत्नो अशी तिघं जमली. इथली हिरवट कॉफी समोर, पण कोणाचं तिच्याकडं लक्ष नव्हतं.

"पण तुम्ही सगळ्यांनी ते बसवलंत कशाला?" रेत्नोनं विचारलं.

"आता काय सांगू," पाक जुमादी म्हणाले. "ज्या माणसानं मला अक्षरं गिरवायला शिकवली, त्यानं डबा पुढं केला, तर त्याला नको म्हणू? आणि तू गं? तू तर जाणती. तू काय म्हणालीस त्यांना?"

रेत्नोनं घाईनं कॉफीचा घोट घेतला.

"म्हणजे आपण सगळी एकाच बाकावरची," बू सुमीरा म्हणाली. "थांबा, मी जाते. आडून सांगते, समजेल त्यांना."

ती पानात दाबून थापलेल्या भाताच्या वड्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन गेली आणि घटकाभरानं केळीचा फणा घेऊन परत आली.

"सांगितलंस?" पाक जुमादींनी विचारलं.

"सांगितलं ना. म्हटलं, हल्ली काय बाई, औषधंसुद्धा बनावट निघतात."

"मग?"

"मग म्हणाले, ‘खरंय सुमीरा, म्हणून तर मी आधी स्वतः घेऊन बघतो आणि मगच गल्लीला देतो.’ वर ही केळी दिली. एवढी गोड केळी हातात असताना पुढं काय बोलणार, डोंबल?"

पाक जुमादींनी मान हलवली. "रेत्नो, त्यांची वायर काढून टाक. उंदरानं कुरतडली म्हणू."

"शिडी घेऊन ते स्वतःच जोडायला येतील. आणि जोडलीच नाही, तर रविवारी वेनिंगनं आईशी बोलायचं कसं?" रेत्नो म्हणाली. "शिवाय त्यांचं एक यंत्र तोडून भागत नाही. आता विष घरोघर आहे. सगळी यंत्रं एका दमात साफ करायला हवीत, आणि ते औषध पुन्हा कोणी कप्प्यात ठेवता कामा नये. म्हणजे त्यांना कळायलाच हवं. तरच सुटेल."

"कळलं तर मोडतील गं ते," बू सुमीरा हळूच म्हणाली.

रेत्नोला तीच भीती होती. गप्प झालेला पाक गुरू तिनं पाहिला होता. पुन्हा पाहायचा नव्हता.

गुरुवारी दुपारी वेनिंग नेहमीसारखी तिच्याकडं आली आणि फरशीवर खडूनं आकडे मांडत बसली. जीभ दातांत, कपाळावर आठ्या. समोरचा एक दात हलत होता, तो ती मधूनमधून जिभेनं ढकलायची.

"काय चाललंय गं?" रेत्नोनं हातातला पेचकस खाली ठेवला.

"आजोबांचं गणित चुकलंय. शोधून द्यायचंय."

"आजोबांचं? त्यांचं कसं चुकेल?"

वेनिंगनं दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझंच चुकलंय, ताई. काल मीच केलं होतं. पण ते फळ्यावर आपल्या अक्षरात लिहितात आणि म्हणतात, ‘मी कुठंतरी घसरलोय, शोधून दे बरं.’ मला कळतं. पण मला कळतं हे मी त्यांना सांगत नाही. त्यांना वाईट वाटेल ना."

रेत्नो हसली, आणि मग तिचं हसू हळूच थांबलं. हे ती विसरूनच गेली होती. तिसरीचा वर्ग, वजाबाकी, आंब्यांचं गणित. सगळ्या वर्गात एकटीचं चुकलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच चुकलेलं गणित फळ्यावर, मास्तरांच्या सुरेख अक्षरात. ‘मुलांनो, काल हे सोडवताना मी कुठंतरी घसरलो. शोधून द्या बरं.’ चूक सापडली की ते मोठा सुस्कारा टाकून म्हणायचे, ‘छान. आता मला झोप लागेल.’ चूक कोणाची, ते वर्गाला कधीच कळायचं नाही. ज्याची असायची त्याला मात्र जन्मभर विसरायची नाही.

"वेनिंग," ती म्हणाली, "तुझा खडू देतेस मला?"

शुक्रवारी संध्याकाळी पाक जुमादींच्या ओसरीत गल्लीची महिन्याची बैठक होती. चटया, कॉफी, तळलेली केळी, गटाराची चर्चा. गटाराचं झाल्यावर रेत्नो उठली. तिनं एक जुना कॉम्प्युटर आणून मधोमध ठेवला. त्याला भिंतीतल्या विजेखेरीज कुठलीही वायर नव्हती.

"हे माझं यंत्र," ती म्हणाली. "याला मी एक औषध दिलं. औषध दिल्यापासून ते जास्तच आजारी आहे. म्हणजे मी कुठंतरी घसरलेय. शोधून द्या बरं."

पाक गुरूंचा कप ओठांपाशीच थांबला.

रेत्नोनं पडद्यावर दाखवलं. आधी ती ढालीची चौकट, तिनं आधीच टिपून ठेवलेली. मग औषध पुन्हा बसवून दाखवलं. ढाल हिरवी झाली. मग तिनं एक लहानशी खिडकी उघडली आणि कीबोर्डवर टाइप केलं, ‘माझं गुपित’. त्या लहान खिडकीत, औषधाच्या पोटातल्या एका यादीत, तीच अक्षरं एकेक करून उमटली. ओसरीवर कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. कोणी पाक गुरूंकडं पाहत नव्हतं. सगळे इतक्या कसोशीनं दुसरीकडं पाहत होते की ते पाहणंच झालं.

पाक गुरूंनी कप खाली ठेवला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. पडद्याकडं पाहिलं, मग रेत्नोकडं. रेत्नोला वाटलं, आता ते उठतील आणि चप्पल घालून चालू लागतील.

मग त्यांनी बोट वर केलं. वर्गात मूल करतं तसं.

"सांगू का, बाई?"

"सांगा," रेत्नो कशीबशी म्हणाली.

"ती चौकट आली तेव्हा तू तिला विचारलंस का, तू कोण म्हणून?"

"नाही विचारलं."

"तुझ्या घरात रोग आहे हे तिला रस्त्यावरून कसं कळलं, ते विचारलंस?"

"नाही."

"हं." शिकवण्याची लय सुटली नव्हती. "चोर आला, चोर आला असं ओरडत जो आपल्या दारात येतो, त्याला आधी विचारावं की बाबा, तू कोणाचा कोण? घाबरवून जो घाई करतो त्याच्यासाठी तर मुळीच दार उघडू नये. ही पहिली चूक. औषध द्यायचं तर आपल्या ओळखीच्या वैद्याला विचारून द्यावं. गल्लीत वैद्य होती. तिला विचारलं नाही, ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे, स्वतःला नीट न पचलेलं शेजाऱ्याच्या डब्यात घातलं." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "गणित सोपं नव्हतं, पोरी. माझंही उत्तर हेच आलं होतं."

मग पाक जुमादी खाकरले. "माझंसुद्धा."

"आमच्याकडचंही," कोपऱ्यातून कोणी म्हणालं.

"माझं दोनदा आलं!" बू सुमीरा म्हणाली. "पहिल्यांदा नीट बसलं नाही वाटलं, म्हणून पुन्हा बसवलं मी मेलं!"

मग ओसरी हसली. पाक गुरूही हसले, डोळे पुसत हसले.

"एक चूक राहिली," रेत्नो म्हणाली. "मला आधीच कळलं होतं. तरी मी ‘छान आहे’ म्हणाले."

"ती तुझ्या एकटीची नाही," पाक गुरू म्हणाले. "ते सगळ्या गल्लीचं गणित आहे. मोठ्यांना ‘नाही’ म्हणायला मीच तुम्हाला शिकवलं नाही. आता उशीर झालाय खरा, पण शिकू."

रेत्नोनं सुस्कारा टाकला. "छान. आता मला झोप लागेल."

पाक गुरूंनी मान खाली घातली. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे तिलाही कळलं होतं. पुढं त्यावर दोघंही कधी बोलली नाहीत.

शनिवारी सकाळी पाक जुमादींनी गल्लीच्या तोंडाशी टांगलेला लाकडी ठोकळा बडवला. एरवी तो चोर आणि आगीसाठी. तो वाजला तशा सगळ्या घरांनी आपापल्या वायरी उपटल्या. जोवर शेवटचं यंत्र साफ होत नाही तोवर कोणी जोडायची नाही, असं ठरलं होतं. रेत्नो खरं औषध घेऊन घरोघर फिरली. यंत्र साफ झालं की घरातल्यांनी आपले परवलीचे शब्द बदलायचे, नवे शब्द कोणालाही सांगायचे नाहीत. पाक जुमादींनी आपला नवा शब्द लगेच ओरडून बायकोला विचारला, "कोंबडीचं नाव ठेवू का गं?" तेव्हा तो पुन्हा बदलावा लागला.

पाक गुरू गल्लीतल्या पिंपळासारख्या एका मोठ्या झाडाखाली मुलांना घेऊन बसले होते. "चौकट आली की पहिल्यांदा काय करायचं?" मुलं ओरडत होती, "विचारायचं!" "काय विचारायचं?" "तू कोण!" ते आता वेनिंगकडून गिरवून घेत होते, तिच्या लहान भिडूंकडून गिरवून घेत होते. पण रेत्नो त्यांचं यंत्र साफ करायला गेली तेव्हा ते खोलीत आले नाहीत. दारातून म्हणाले, "तूच काय ते कर. मी हात लावत नाही."

संध्याकाळी पुन्हा ठोकळा वाजला. वायरी जोडल्या गेल्या. रेत्नो कंपनीच्या फोनची वाट पाहत बसली. फोन वाजला. तोच कंटाळलेला आवाज. "कचरा थांबला, ताई. राहू दे लाइन."

रविवारी सकाळी गल्ली वाजू लागली. एका घरातून हसणं, दुसऱ्यातून रागावणं. रेत्नो अंगणात कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात वेनिंग धावत आली.

"ताई, चला! आई वाजतेय आणि आजोबा दाबतच नाहीत. मी दाबायला गेले तर म्हणाले, हात लावू नकोस."

रेत्नो ओल्या हातांनीच गेली. पाक गुरू इस्त्रीचा शर्ट घालून पडद्यासमोर बसले होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले, खोड्या केलेलं मूल बसतं तसे. पडद्यावर एक चौकट हलत होती, वाजत होती. रेत्नो पाहत असतानाच चौकट मिटली आणि आवाज थांबला.

"गेली बघ," पाक गुरू म्हणाले. त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. "बरं झालं. माझा भरवसा नाही राहिला, पोरी. परत एखादं दार उघडेन आणि सगळ्यांच्या घरी चोर शिरेल. तू वेनिंगला तुझ्याकडं घेऊन जा. तिथंच बोलू दे तिला आईशी."

रेत्नो त्यांच्या शेजारी चटईवर बसली. वेनिंग दाराला टेकून उभी, जिभेनं दात ढकलत. बाहेरून बू सुमीराचं पडद्यावरच्या कोणावर तरी ओरडणं ऐकू येत होतं.

चौकट पुन्हा आली. पुन्हा वाजू लागली.

"पाक गुरू," रेत्नो म्हणाली, "दारात कोणी आहे. कोण आहे ते वाचा."

त्यांनी चष्मा सारखा केला. ओठ हलले. "प्रतीवी."

"ती घाबरवतेय का? घाई करतेय?"

"नाही. नुसती हाक मारतेय."

"तुम्ही ओळखता तिला?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच त्या डोळ्यांत जरासा राग आला, आणि रेत्नोला तो राग फार गोड वाटला.

"ओळखता म्हणजे? नाव मीच ठेवलंय तिचं!"

"मग?"

त्यांनी मांडीखालून उजवा हात काढला. बोट चौकटीपाशी गेलं, क्षणभर थांबलं, आणि दाबलं गेलं.

"बापाक!" प्रतीवीचा चेहरा पडदाभर पसरला. मागं सुट्टीला बागेत जमलेल्या बायकांचा गलका. "किती वेळची वाजवतेय! झोपला होता का?"

"नाही गं," पाक गुरू म्हणाले. "कोण आलंय ते विचारत होतो."

तोवर वेनिंग त्यांच्या काखेतून आत घुसली होती आणि आईला हलता दात दाखवायला तिनं पडद्याला तोंड अगदी चिकटवलं होतं. रेत्नो पाय न वाजवता उठली, ओले हात लुंगीला पुसले, आणि राहिलेले कपडे वाळत घालायला गेली.